थंड दगडावर कोको घालू नका

ताई, घरी चॉकलेट करताना तुमचा दगडी ग्राइंडर अडकतोय तो मोटर कमजोर म्हणून नाही, दगड गार आहेत म्हणून. कोको बटर, म्हणजे कोकोतली चरबी, साधारण 34 अंशांना वितळतं. त्याखाली निब्ज (कोकोच्या बियांचे तुकडे) दगडांना चिकटून बसतात. ड्रम आणि दगड हेअर ड्रायरने हाताला चांगले कोमट लागेपर्यंत तापवा. गरम पाण्याने नको, राहिलेल्या थेंबभर पाण्यानेही चॉकलेट घट्ट होऊन गोळा होतं. निब्ज ओव्हनमध्ये 50-60 अंशांवर गरम करून मूठमूठ घाला. खडखड थांबून चकचकीत लगदा दिसला की पुढची मूठ. साखरही कोरडी, कोमटच.

आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ड्रायरचं काम ऊनच करतं. साच्यात ओतायचं मात्र एसी नसेल तर तेव्हा नावच काढू नका!