सल्ला पशुवैद्याचा : लॅब्राडूडलचं ‘स्टँडर्ड’

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो. मुलांसाठी लॅब्राडूडल, म्हणजे लॅब्राडोर आणि पूडलच्या संकराचं कुत्रं, घ्यायचं ठरतंय. ब्रीडर म्हणते, पिल्लू ‘एफ-वन-बी’ आहे, ब्रीड स्टँडर्डनुसार मीडियम होईल, केस अजिबात झडणार नाहीत. पुढच्या महिन्यात सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी येताहेत. त्यांना दमा आहे. स्टँडर्ड आहे म्हणजे खात्री धरायची का? डिपॉझिट या आठवड्यात मागताहेत.
— एक वाचक

उत्तर : ताई, डिपॉझिट थांबवा. सासूबाई येऊ द्यात, मग बघू.

स्टँडर्ड, म्हणजे त्या जातीचं कुत्रं कसं असावं याचा लेखी नमुना, आहे; ती थाप नाही. ऑस्ट्रेलियन लॅब्राडूडल पाळणाऱ्यांच्या संघटनांनी ते लिहिलंय. खांद्यापाशी मोजलेली उंची ४३ ते ५२ सेंटिमीटर असली की मीडियम, त्याखाली मिनिएचर, त्यावरच्या मापाचं नावही ‘स्टँडर्ड’च. केस लोकरीसारखे किंवा फ्लीस, म्हणजे मऊ लाटांचे. पण ते आहे पिढ्यान्‌पिढ्या लॅब्राडूडललाच लॅब्राडूडल लावून, मध्ये कॉकर स्पॅनियलचं वगैरे रक्त घालून तयार केलेल्या कुत्र्यांचं. तुमच्याकडची मुख्य केनेल संस्था, डॉग्ज ऑस्ट्रेलिया, लॅब्राडूडलला स्वतंत्र जात मानतच नाही. आणि तुमचं एफ-वन-बी म्हणजे काय? आई-बापांतला एक लॅब्राडोर-पूडल संकर, दुसरा शुद्ध पूडल. अशा पिल्लाला ते स्टँडर्ड चिकटवणं म्हणजे शेजारणीच्या मापाचं ब्लाउज घालून बघणं. बसलं तर बसलं.

पुण्यात माझ्याकडे एक वीण आली होती. आई-बाप दोघंही पहिल्या पिढीचे लॅब्राडूडल, पिल्लं सहा. चौघांना मिशा-दाढी, दोघांची तोंडं लॅब्राडोरसारखी स्वच्छ. त्या दोघांचे केस पुढे सोफाभर झडायचे. मालकांनी सहाही ‘नॉन-शेडिंग’ म्हणून विकली होती! तुमच्या पिल्लात पूडलचा वाटा जास्त, त्यामुळे दाढी येईल. कुरळेपणा आणि उंचीचं मात्र आज कुणी छातीठोक सांगू नये.

आता दम्याचं. लॅब्राडूडलची मूळ कहाणी तुमच्याच राज्यातली आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस व्हिक्टोरियातल्या रॉयल गाइड डॉग्ज संस्थेत वॉली कॉनरन यांच्याकडे हवाईच्या एका अंध बाईंची मागणी आली : वाटाड्या कुत्रा हवा, पण नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी. कॉनरननी तीसहून अधिक पूडल तपासले, एकही त्या कामाचा निघेना. मग लॅब्राडोर आणि पूडलची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस नि लाळ हवाईला पाठवली, तर त्या नवऱ्याला एकच पिल्लू सोसलं. त्याचं नाव सुलतान. म्हणजे मूळ प्रयोगातसुद्धा तिघांत एक! ॲलर्जी होते ती लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांनी. केस झडले नाहीत म्हणून ती प्रथिनं नाहीशी होत नाहीत. तेव्हा सासूबाईंच्या छातीच्या डॉक्टरांना आधी विचारा. ते हो म्हणाले तर सासूबाईंना ब्रीडरकडे घेऊन जा, दोन-तीन वेळा, तासभर बसवा. पंप सोबत असू द्या.

न झडणारे केस जातात कुठे, हा प्रश्न कुणी विचारत नाही. ते अंगावरच अडकतात. कुकी नावाची एक कुत्री माझ्या टेबलावर आली, वरून मऊ, फुगीर, देखणी. मालकीणबाई रोज ब्रश करायच्या, खोटं बोलत नव्हत्या. पण ब्रश वरवरून फिरायचा. धातूचा कंगवा घातला तर अर्ध्या इंचावर अडला. शेवटी मशीन लावली आणि सगळं घोंगडीसारखं एकसंध उतरलं. काखेत कातडी लाल, आणि तिथे गवताचं कुसळ रुतलेलं. बाई रडल्या. तुम्ही केसांचे भांग पाडत पाडत कातडीपर्यंत विंचरायला शिका. साधारण आठ-दहा महिन्यांचं झालं की पिल्लाचे बाळकेस जाऊन मोठे येतात, तेव्हा गुंते सगळ्यात जास्त. ग्रूमरचा खर्च आत्ताच हिशेबात धरा.

संकर म्हणजे आपोआप निरोगी, असंही ऐकवतील. लॅब्राडोर आणि पूडल दोघांतही खुब्याचे दोष आणि डोळ्याचा पडदा निकामी करणारा आनुवंशिक आजार आढळतो. दोन्ही पालकांच्या खुब्याच्या एक्स-रेचे गुण आणि डोळ्यांची डीएनए चाचणी कागदावर मागा. कागद नसतील तर दुसरी ब्रीडर बघा.

आणि तिला एवढं विचाराच : याच जोडीचं आधीच्या विणीतलं, आता दोन वर्षांचं झालेलं एखादं कुत्रं बघायला मिळेल का? मिळालं तर फोटो नका काढत बसू. आधी त्याच्या कानामागे बोटं घालून बघा.