बिलावरची छापील ओळ दुकानदाराला वाचवत नाही

प्रश्न: बेळगावात शहापूरला माझं साड्यांचं दुकान आहे. चंदगड तालुक्यातल्या एका ताईंनी 4,200 रुपयांची साडी नेली, पहिल्याच धुण्यात रंग गेला. बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलंय, म्हणून मी नकार दिला. आता कोल्हापूरच्या ग्राहक आयोगाची नोटीस आलीय. दुकान कर्नाटकात असून तिथं जावं लागेल? आणि 10 टक्क्यांवर सूट कुणी द्यायची नाही, असं आमच्या व्यापारी ग्रुपवर ठरलंय. ते चालतं का?

उत्तर: जावं लागेल. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, राज्याची हद्द आड येत नाही. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फीही नाही. हेलपाटे टाळायचे असतील तर व्हिडिओद्वारे सुनावणीचा अर्ज द्या.

नोटीस तक्रारीच्या प्रतीसह हातात पडली ती तारीख आधी पाहा, पाकीटही जपून ठेवा. लेखी म्हणणं द्यायला तिथून 30 दिवस मिळतात, आयोगानं दिलेच तर आणखी 15. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलंय की 45 दिवसांपुढे एकही दिवस वाढत नाही. बाजू भक्कम असलेले दुकानदारही इथंच हरतात. म्हणणं दाखल नसलं की तक्रार एकतर्फी चालते.

त्या छापील ओळीवर मात्र विसंबू नका. सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. ताई त्या मुदतीत आल्या असतील तर तडजोड करा, असंच मी सांगेन. 4,200 रुपये आणि थोडा खर्च देऊन दोघांच्या सहीची पुरसीस, म्हणजे तडजोड झाल्याचं लेखी निवेदन, आयोगात दाखल करा. नुसते पैसे देऊन गप्प बसलात तर प्रकरण चालूच राहील. धुण्यात चूक झाली असं तुमचं ठाम मत असेल, तर साडी प्रयोगशाळेत तपासायची मागणी करा आणि घाऊक व्यापाऱ्याचं खरेदी बिल जोडा.

नव्या बिलबुकावर कन्नड आणि मराठीत छापा: 'दोष आढळल्यास बिलासह 15 दिवसांत आणावे, बदल किंवा पैसे परत.' नुसता रंग आवडला नाही म्हणून आणलेली साडी घ्यायचं बंधन तुमच्यावर नाही.

ग्रुपचा ठराव मला जास्त धोकादायक वाटतो. जास्तीत जास्त किती सूट द्यायची हे मिळून ठरवणं म्हणजे किंमत ठरवणंच. 2002 च्या स्पर्धा कायद्याच्या कलम 3 खाली ते येतं. कार्टेल, म्हणजे व्यापाऱ्यांचं असं संगनमत, सिद्ध झालं तर दंड करार चालला त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्के, यांतलं जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. गप्प राहून तोच दर पाळलात तर तुमची संमतीच धरली जाण्याची भीती आहे. आजच ग्रुपवर लिहा की हा ठराव मला मान्य नाही, सूट मी माझी ठरवेन. त्या मेसेजचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा, आणि खरोखर तसंच वागा.