पाच महिन्यांचं बाळ घेऊन म्युनिकला येताय तर आधी डॉक्टर शोधा

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये पुण्याहून म्युनिकला येताय, बाळ तेव्हा पाच महिन्यांचं असेल, तर चेकअप, लसी, खर्च हे सगळं कसं असतं. आमची लेक इथेच झाली, तिचं पहिलं वर्ष नुकतंच सरलंय म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी लहान मुलांचा डॉक्टर म्हणजे किंडरआर्ट्स्ट शोधा, फर्निचर नंतर. मी अकरा ठिकाणी फोन केले, नऊ जणांनी सांगितलं नवीन पेशंट घेत नाही, आणि त्या नादात आमची चौथी तपासणी हुकता हुकता राहिली. राहायचा पत्ता ठरला की त्याच भागात सकाळी सकाळी फोन लावा, नाहीच जमलं तर ११६११७ वर अपॉइंटमेंट मिळवून द्यायला मदत करतात. रात्री किंवा रविवारी बाळ आजारी पडलं तरी हाच नंबर, जिवावर बेतलं तर ११२.

इथे जर्मनीत बाळाच्या ठराविक वयाला ठराविक तपासण्या असतात, त्यांना ऊ-१, ऊ-२ असं म्हणतात, पहिल्या वर्षात सहा. पहिल्या चार तुमच्या भारतातच निघून जातील. तुमची पहिली ऊ-५, सहाव्या-सातव्या महिन्यातली, आणि बाळाचे आठ महिने पूर्ण व्हायच्या आत ती व्हायलाच हवी, मुदत गेली तर इन्शुरन्स पैसे देईलच असं नाही. मग ऊ-६, दहाव्या ते बाराव्या महिन्यात. सरकारी इन्शुरन्स असेल तर बाळ त्यातच, वेगळा हप्ता नाही आणि तपासणीचेही पैसे नाहीत. प्रायव्हेट घेतलात तर बाळाचा हप्ता वेगळा, हे सही करायच्या आधी बघा. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, या तपासण्या कायद्यानेच बंधनकारक आहेत, पाळणाघरात नाव घालताना शेवटच्या तपासणीचा पुरावा मागतात. सगळी नोंद एका पिवळ्या वहीत होते, तुमच्याकडे ती नसेल तर डॉक्टरकडेच मागा.

ऊ-५ ला आमच्या डॉक्टरबाईंनी लेकीला फक्त डायपरवर ठेवलं, दोन्ही हात धरून हळूच उठवलं, मान सोबत येते का ते पाहिलं. मग पालथं घातलं, समोर लाल चेंडू धरला, तो ती एका हातातून दुसऱ्या हातात घेते का बघत किती वेळ शांत बसून राहिल्या. डोळ्यांत लाइट टाकून पाहिलं, वजन, उंची, डोक्याचा घेर मापला. आणि शेवटी मला विचारलं, तुम्ही झोपता का, कशा आहात? मी तिथेच रडले. तुम्हाला विचारलं तर खरं सांगा प्लीज, ते विचारणं तपासणीचाच भाग आहे.

लसींचं वेळापत्रक वेगळं आहे. आपल्याकडे सहा, दहा, चौदा आठवडे, इथे सहा-इन-वन, म्हणजे सहा रोगांवरची एकच लस, दोन, चार आणि अकरा महिन्यांना. मेनिंगोकोकल बी ची (एका प्रकारच्या मेंदूज्वरावरची) लस जानेवारी २०२४ पासून सगळ्या बाळांना सुचवतात, तुमच्या बाळाला बहुतेक मिळाली नसेल, पहिल्याच भेटीत विचारा. बीसीजी, म्हणजे टीबीची लस, इथे १९९८ पासून रूटीनमध्ये नाही, त्यामुळे दंडावरचा व्रण बघून कोणी विचारलं तर घाबरू नका. गोवरची पहिली लस अकराव्या महिन्यात, आणि मार्च २०२० पासून वर्षावरच्या मुलाला तिच्या पुराव्याशिवाय पाळणाघरात घेत नाहीत.

व्हिटॅमिन डी रोज द्या, इथे हिवाळ्यात ऊन नसतंच. आणि आजी कितीही म्हणाल्या तरी वर्षाच्या आत मध चाटवू नका, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जंतूंमुळे होणारी गंभीर विषबाधा, होऊ शकते.

येताना लसीचं कार्ड मूळ आणा, प्रत्येक लसीचं नाव, तारीख आणि बाटलीवरचा स्टिकर असलेलं. तुमच्या डॉक्टरांकडून जन्माचं वजन, कानाची तपासणी, रक्ताचे रिपोर्ट हे सगळं इंग्रजीत एका कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. आणि ती फाइल विमानात हातातल्या बॅगेत ठेवा.