बोटांची टोकं तुटल्यावर टोनी आयोमी गिटार कसा वाजवू शकला?

तुम्ही विचारलंय की 'ब्लॅक सॅबथ' या ब्रिटिश रॉक बँडच्या टोनी आयोमीने तुटलेल्या बोटांनी गिटार कशी वाजवली, आणि त्या अपघातामुळेच हेवी मेटल, म्हणजे जड आवाजाचं रॉक संगीत, जन्माला आलं हे खरं का.

मी सोलापुरात वाद्यं दुरुस्त करतो. गणपती आणि जयंतीच्या आधी दुकानात बेंजो पार्टीवाल्यांची झुंबड असते, एरवी गिटारच्या तारा बदलणं. त्यामुळे मला या माणसात पहिल्यांदा दिसतात त्या तारा.

जन्म १९४८, बर्मिंगहॅम. पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. १७ व्या वर्षी बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलं, म्हणून नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी दुपारी घरी जेवायला आला, तेव्हा परत जायचंच नाही म्हणत होता. आईने सांगितलं, दिवस पुरा करून ये. त्या दिवशी पत्र्याच्या प्रेस यंत्रावरचा माणूस आला नव्हता, म्हणून याला तिथे उभं केलं. उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका, दोन्हींची टोकं गेली. त्यात हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर उभं राहिलेल्या माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही. बदलीचा माणूस, सवय नसलेलं यंत्र.

डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. कारखान्यातल्या फोरमनने मात्र जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजून दोन बोटं निकामी झालेला हा जॅझ गिटारवाला, आणि तरी हात असा पळतो! मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिची गोळी केली, बोट जाईल एवढं भोक पाडलं आणि घासून घासून टोपी बनवली. प्लास्टिक तारेवरून घसरायचं, म्हणून जुन्या जाकिटाचं चामडं कापून वर चिकटवलं. तरी त्या दोन बोटांना तार जाणवतच नाही. दाब कमी पडला की जास्त, हे कानानेच ओळखायचं.

तेव्हा बाजारात मिळणाऱ्या तारा जाड. पातळ सेट त्याला मिळत नव्हता, म्हणून त्याने बेंजोच्या तारा लावल्या. (आपल्या मिरवणुकीतला बटणांचा बेंजो नव्हे, तिकडचा गोल, कातडं ताणलेला.)

आता तुमचा दुसरा प्रश्न. लोक म्हणतात, बोटं दुखायची म्हणून त्याने तारा सैल करून सूर खाली उतरवला आणि आवाज जड झाला. हे मला अर्धंच पटतं. पहिला अल्बम 'ब्लॅक सॅबथ'ने १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये एका दिवसात रेकॉर्ड केला आणि तो १३ फेब्रुवारी १९७० ला आला. त्यात गिटार नेहमीच्याच सुरात लावलेली आहे. तीन अर्धस्वर खाली उतरवलेली गिटार ऐकू येते ती १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये, 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त. मग पहिल्या अल्बमचा तो भीतिदायक आवाज कुठून आला? पेटीवर सा, वरचा सा आणि मग खाली येऊन तीव्र मध्यम वाजवून बघा. त्या पहिल्या अल्बमच्या शीर्षकगीताचा सांगाडा एवढाच. त्यात तुटलेल्या बोटांचा काही संबंध नाही, ती डोक्यातली करामत. बोटांमुळे एवढं नक्की झालं की सगळी बोटं लावून धरायचे कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) सुटले, दोन-तीन तारांचे भरीव कॉर्ड हाती आले. बाकी अपघात हे वरदान होतं वगैरे लिहिणाऱ्यांनी एकदा प्रेसवर काम करून बघावं.

पुढचं थोडक्यात. मूळचा गायक ऑझी ऑस्बर्नला १९७९ मध्ये काढलं, त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला, मग गायक बदलतच राहिले. पहिल्यापासून शेवटपर्यंत बँडमध्ये टिकला तो एकटा आयोमी. २०१२ मध्ये त्याला लिम्फोमाचं (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचं) निदान झालं; उपचार चालू असताना केलेला '१३' हा अल्बम पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क या फुटबॉल मैदानावर मूळचे चौघे पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ऑझी गेला.

तुमचं स्वतःचं बोट दुखावलेलं असेल आणि म्हणून विचारत असाल, तर आठ गेजचा (सगळ्यात पातळ तार ०.००८ इंच जाड) सेट आज सहज मिळतो, तो लावा. अर्धा स्वर उतरवून बघा. फक्त ताण कमी झाला की गिटारच्या मानेचा बाक बदलतो, तेव्हा ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) तपासून घ्या, नाहीतर तारा फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडतील आणि तुम्ही बोटालाच दोष देत बसाल.