सासरी जीव गेलेल्या बहिणीची आठवण कशी ठेवावी, आणि शेजारून आवाज येतात त्याचं काय करावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मावसबहीण लग्नानंतर दोन वर्षांत सासरी जिवानिशी गेली. कागदावर 'अपघात' आहे. घरात तिचं नाव निघालं की मावशी उठून आत जातात. आणि आता तुमच्या भिंतीपलीकडून रात्री आपटाआपटीचे आवाज येतात, सकाळी त्या वहिनी जिन्यात नजर चुकवतात. शेवटी तुम्ही लिहिलंय, 'दोन वेगळे प्रश्न एकत्र विचारले, माफ करा.' माफी कसली मागता! मला तरी ते एकाच सुताचे वाटतात. का, ते सांगते. उत्तर लांबेल.

मी निवृत्त परिचारिका आहे. ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली ११ जळीत वॉर्डात. गावाचं आणि दवाखान्याचं नाव सांगत नाही, पण काळ रॉकेलच्या स्टोव्हचा होता. वॉर्डात भाजलेली बाई यायच्या आधी तिचं वाक्य यायचं. 'स्टोव्हचा भडका उडाला.' केसपेपर काढायला पुढे आलेला दीर ते सांगून मोकळा झालेला असे. आम्ही साडी कापून काढायला लागलो की केसांना रॉकेलचा वास. स्टोव्हला पंप मारणाऱ्या बाईच्या टाळूपर्यंत रॉकेल कसं चढतं, हे आमच्यापैकी कुणी मोठ्यांदा विचारत नसे. मृत्युपूर्व जबाब घ्यायला नायब तहसीलदार येत, डॉक्टर ती शुद्धीवर असल्याचा शेरा देत, नातेवाइकांना बाहेर काढत. सगळं नियमाने. फक्त बाहेर काढलेल्या सासूच्या कडेवर तिचंच दीड वर्षाचं पोर असायचं. बाई एकदा दाराकडे बघायची आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायची.

एकीने मात्र मला खरं सांगितलं. रात्रपाळी होती, मी ओठांना पाणी लावत होते. कुणी ओतलं, कुणी काडी लावली, दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हणाली, 'सिस्टर, आईला नका सांगू.' पहाटे ती गेली. मी आईलाच काय, कुणालाच सांगितलं नाही. जबाब एकदा झाला की झाला, अशी माझी समजूत होती. पण तसं नाही. जीव जायच्या आधी माणसाने आपल्यावर काय गुजरलं ते कुणालाही सांगितलेलं असो, नर्सला, शेजारणीला, पत्रात, ते कोर्टात पुरावा म्हणून पुढे येऊ शकतं. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम ३२ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम २६ आहे. हे मला कळलं तेव्हा पाच-सहा वर्षं उलटली होती.

कळल्यावर मी त्या मुलीच्या आईकडे गेले. चार गल्ल्या सोडून राहायच्या. मी सांगितलं, तर त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, 'मला ठाऊक होतं हो. पंचमीला आली होती ना. कासारीण बांगड्या भरत होती, बाही वर सरकली, दंड काळानिळा. कासारीण माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, भर तू. आणि दोन दिवसांनी एसटीत बसवून दिली.'

आता आठवणीचं. आपल्याकडे अशा बाईसाठी तिथी राखीव आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का? पितृपक्षातली नवमी, भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी. नवरा हयात असताना गेलेल्या बायकांसाठीचा दिवस. सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. 'अहेवपणी गेली, भाग्याची' असं म्हणायचं. आणि हे सगळं करायचं कुणी, तर सासरच्यांनी. म्हणजे जिथे जीव गेला त्याच घरात दर वर्षी तिच्या नावाने पान मांडलं जातं. या आईंच्या व्याह्यांकडे ते अगदी साग्रसंगीत व्हायचं. शिवाय पहिल्या वर्षी पेपरात फोटो दिला, 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. लग्न झालेल्या लेकीचं दिवसपाणी माहेराने करायचं नसतं, म्हणून या नुसत्या बसून राहायच्या. मग एकदा म्हणाल्या, 'मेल्याचा दिवस त्यांचा असू दे. जन्मल्याचा तर माझा आहे ना?'

मुलगी जन्मली होती श्रावणात. तेव्हापासून त्यांनी नागपंचमीच्या आदल्या दिवशी कासारणीला घरी बोलवायला सुरुवात केली. गल्लीत ज्या ज्या लेकी माहेरपणाला आल्या असतील त्या सगळ्यांना बांगड्या भरायच्या, पैसे यांचे. भिंतीवर मुलीचा लग्नातला फोटो नाही, दहावीच्या हॉल-तिकिटावरचा मोठा करून लावलेला. आणि बांगड्या भरायची जागा स्वयंपाकघरात, दार लोटून. कासारीण बाही वर सारते, आणि या शेजारी बसून बघतात. काही दिसलंच तर त्या पोरीला चहाला मागे ठेवायचं. बस, एवढंच. भाषण नाही, मेणबत्ती नाही. मला मेणबत्त्यांचं वावडं नाही, २५ नोव्हेंबरला आम्हीही लावतो. (डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहाच्या माणसांनी १९६० साली याच दिवशी मिराबल भगिनींना मारलं, म्हणून हा दिवस. संयुक्त राष्ट्रांनी तो १९९९ साली स्वीकारला.) पण मेणबत्तीच्या उजेडात दंड दिसत नाही.

हे काही आमच्या गल्लीनेच शोधलं असं नाही. पुण्यात १९८२ च्या जूनमध्ये मंजुश्री सारडा गेली, लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. बहिणीला आणि मैत्रिणीला तिने लिहिलेली पत्रं मागे राहिली. खालच्या कोर्टाने नवऱ्याला दोषी धरलं, हायकोर्टाने ते कायम केलं, आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने संशयाचा फायदा देऊन त्याला सोडलं. कोर्टाने ती पत्रं पुरावा म्हणून वाचली खरी, पण त्यांतून तिने स्वतःच जीव दिला असण्याचीही शक्यता दिसते असं ठरवलं. परिस्थितिजन्य पुराव्याच्या कुठल्याही खटल्यात आजही वकील तो निकाल काढतात. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी मंजुश्री त्या निकालातली मृत व्यक्ती. पण पुण्यातल्या बायकांनी तिची आठवण वेगळी ठेवली. विद्या बाळ आणि त्यांच्या सोबतिणींनी नारी समता मंच उभा केला, तिच्या नावाने पोस्टर-प्रदर्शन काढून गावोगाव नेलं. पोस्टर बघायला आलेल्या बायका आपलं सांगायला लागल्या, आणि त्यातूनच मंचाचं 'बोलते व्हा' केंद्र सुरू झालं. देशभर हुंडाबळींविरुद्धच्या मोर्चांनी वातावरण तापलं होतं, म्हणून १९८३ च्या शेवटी सासरच्या छळाविरुद्धचं ४९८ अ कलम आलं. आता भारतीय न्याय संहितेत ते ८५ आणि ८६ झालंय, हुंडाबळीचं कलम ८०.

तेव्हा मावशींना एकदम 'तिचं नाव घ्या' म्हणू नका. त्या उठून आत जातात ते कदाचित त्यांनीही कुणाला तरी एसटीत बसवून दिलं होतं म्हणून. मागे जा, ओट्यापाशी उभे राहा, तिच्या लहानपणाचं काही विचारा. मृत्यूचा विषय त्या काढतील तेव्हा काढतील. आणि तिची पत्रं, मेसेज, आवाजी निरोप, फोटो, जे कुणाकुणाकडे असेल ते पुसू नका. जुना फोन विकू नका. आठवण म्हणून ठेवा, आणि प्रकरण पुन्हा उघडायचं कुणाच्या मनात आलं तर वकिलाला दाखवता येतील म्हणूनही ठेवा.

आता भिंतीपलीकडच्या वहिनी.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं की हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितली फक्त १४ टक्क्यांनी. आणि त्यांनी सगळ्यात जास्त मागितली ती माहेरीच, पोलिसांकडे जाणाऱ्या अगदी थोड्या. म्हणजे कायदा-बियदा सगळं नंतर. आधी आई, बहीण, शेजारीण, आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं ते. 'पोरांकडे बघून सहन कर', 'तूच काहीतरी बोलली असशील', 'सगळ्यांकडे असतंच' ही तीन वाक्यं मी वॉर्डात इतक्यांदा ऐकलीत की एकेकाळी मलाही ती समजूतदारपणाची वाटायची.

आवाज चालू असताना आत घुसून नवऱ्याला जाब विचारू नका. तुम्ही परत जाल, दार लागेल, आणि त्याचा हिशेब तिच्याकडून वसूल होईल. बेल वाजवा आणि काहीतरी फालतू मागा. साखर, इसबगोल, पाण्याचा टँकर आला का, काहीही. त्या क्षणी हात थांबतो, आणि बाहेर ऐकू जातंय हे त्याला कळतं. जिवावरचं वाटलं तर मात्र वाट बघू नका, ११२ लावा.

वहिनींशी बोलायचं ते त्या एकट्या असताना. 'तो मारतो का?' असं नाही. आमच्या वॉर्डात 'कशाने लागलं?' विचारलं की 'पडले' हेच उत्तर. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने २००० साली 'दिलासा' केंद्र काढलं, तिथे दवाखान्यातल्या लोकांना हेच शिकवतात, की आडोसा बघायचा आणि तिला सांगता येईल असं विचारायचं. 'आवाज आला, मला तुमची काळजी वाटली' एवढं पुरतं. त्या नाही म्हणतील. म्हणू द्या. महिन्याने पुन्हा विचारा.

एक प्रश्न मात्र मी नेमका विचारते. गळा दाबला का? कानफटात आणि गळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने एकदा गळ्याला हात घातलाय तो पुढे जीव घेण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो, मग अंगावर वळ दिसो न दिसो. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय असं म्हणाल्या तर त्याच दिवशी दवाखाना, आणि खरं कारण कागदावर.

त्या सांगायला लागल्या की दुसरी घाई आपली होते, 'सोडून दे त्याला'. बाई घर सोडते, किंवा सोडणार हे त्याला कळतं, तोच काळ सगळ्यात वाईट. म्हणून आधी तयारी. तुमच्याकडे एक साधी पिशवी ठेवायला सांगा, त्यात आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, औषधं, थोडे पैसे. दागिन्यांच्या पावत्या असल्या तर त्याही. एखादा खुणेचा शब्द ठरवा. आमच्या एका शेजारणीचा 'दळण झालं का?' हा होता. ती फोनवर तेवढंच विचारायची, आणि आम्ही दोघीतिघी जाऊन तिच्या दारात उभ्या राहायचो.

कायद्याचं थोडक्यात, कारण लोकांना वाटतं पोलिसांत गेलं की सगळं मोडलं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा (अंमल ऑक्टोबर २००६ पासून) मुळात दिवाणी वळणाचा आहे. मारहाण थांबवण्याचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा ताबा. घर नवऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर असलं म्हणून तिला वाटेल तेव्हा हाकलता येत नाही. ती माहेरी किंवा मैत्रिणीकडे तात्पुरती राहत असेल तर तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. आणि तुमच्यासाठी कलम ४: हिंसा होतेय असं वाटलं तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, सद्भावनेने कळवलं असेल तर त्याबद्दल तुमच्यावर दावा चालत नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला तर जवळचं 'सखी' वन स्टॉप सेंटर, म्हणजे अशा बायकांना एकाच जागी मदत मिळण्याचं केंद्र, सांगतात. पोलीस ठाण्याच्या आवारात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही असतो, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली सुरू केलेला, पुढे राज्यभर पसरलेला. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बाईच्या उत्पन्नाची अट नाही. कायद्यात अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचं लिहिलंय. ते मनावर घेऊ नका, तारखा पडतात.

समझोता करायला बसणारे चार शहाणे भेटतील, त्यांच्यापासून सावध. 'पुन्हा असं करणार नाही' हे शंभराच्या स्टँपपेपरवर लिहून घेऊन बाईला परत पाठवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तो स्टँपपेपर तिच्या उशाखालून आमच्याच वॉर्डात निघालेलाही पाहिलाय.

वहिनी एकदा तुमच्याकडे येतील आणि चार दिवसांनी स्वतःहून परत जातील. तेव्हा चिडू नका. मी चिडले होते एकीवर, 'आता मला सांगू नकोस' म्हणाले, आणि तिने खरोखर कधीच सांगितलं नाही. ती आहे, जिवंत आहे, बाजारात दिसते. मला बघून रस्ता ओलांडते.

त्या आई आता नाहीत. गेल्या श्रावणात कासारणीची सून पेटी घेऊन आली, घराला कुलूप बघून माझ्याकडे आली. आदल्या दिवशीचाच रिवाज आहे ना, म्हणाली. सात पोरी जमल्या. हॉल-तिकिटाचा फोटो मी मागून आणला होता, तो फ्रीजवर टेकवला. एकीला चहाला मागे ठेवलं.

तुमच्या बहिणीचा वाढदिवस कधी असतो, ते मावशींना विचारा. आणि आज रात्री आवाज आला, तर हातात रिकामी वाटी घेऊन बेल वाजवा.