विकासक्षेत्रातली कन्सल्टन्सी : वाचकांचे प्रश्न

एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालंय, वय २४. थेट कन्सल्टंट म्हणून सुरुवात करू का? (लातूर)

नको. व्हिजिटिंग कार्ड दोन दिवसांत छापून मिळतं, पण सल्ला देण्याजोगं काही गाठीशी हवं ना! निदान पाच-सहा वर्षं एखाद्या प्रकल्पात काढा. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), उमेद (ग्रामीण जीवनोन्नती अभियान), जागतिक बँकेच्या कर्जातून चालणारा पोकरा हा शेतीचा प्रकल्प, नाहीतर एखादी चांगली स्थानिक संस्था. मानधन पाहून नाक मुरडू नका. बचतगटाचं थकलेलं कर्ज कसं वसूल होतं आणि पंचायत समितीत फाईल नेमकी कुणाच्या टेबलावर अडते, हे तिथेच कळतं.

पुण्यात आयटीत १४ वर्षं झाली. या क्षेत्रात आलो तर पगार किती घटेल? (कोथरूड)

बराच. घरच्यांशी आधी बोला आणि मगच राजीनामा द्या. काम मात्र आहे. सीएसआरचा (कंपन्यांनी नफ्यातला काही भाग सामाजिक कामांवर खर्च करण्याचा) कायदा २०१४ पासून लागू झाला आणि २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना (ज्यांची सीएसआरची सरासरी रक्कम १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे) एक कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं त्रयस्थ संस्थेकडून प्रभाव मूल्यमापन करून घेणं सक्तीचं झालं. डेटा नीट सांभाळणारा माणूस तिथे लागतो. फक्त नव्वद प्रश्नांचा फॉर्म बनवण्याआधी तो स्वतः कुणाच्या तरी ओट्यावर बसून, कापूस वेचून आलेल्या बाईकडून भरून घ्या. पुढचे पन्नास प्रश्न आपोआप गळतात.

कंपनी म्हणते, मूल्यमापनाचा अहवाल ‘जरा पॉझिटिव्ह’ करा. नाही म्हटलं तर पुढचं काम जाईल. (नाशिक)

भाषा मवाळ करा, आकडा करू नका. आणि हे भांडण अहवालाच्या वेळी नाही, टीओआरवर (कामाचं स्वरूप आणि अटी सांगणाऱ्या कागदावर) सही करतानाच मिटवायचं असतं. ‘मसुद्यावर फक्त तथ्यांच्या चुका सुचवता येतील’ असं एक वाक्य त्यात घालून घ्या. पैशांचे हप्ते इन्सेप्शन रिपोर्ट (कामाची आखणी सांगणारा सुरुवातीचा अहवाल), मसुदा आणि अंतिम अहवाल असे तीन ठेवा, शेवटचा सगळ्यात लहान. अडवला जातो तो हाच.

मुळात आकडाच पक्का असेल तर दबाव टिकत नाही. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेने जमवलेल्या गटचर्चेत सतरंजी, चहा आणि ‘उत्पन्न दुप्पट झालं’ हे एका सुरात ऐकू येतं. ऐकून घ्या, मग यादीत नाव नसलेल्या वस्तीवर चक्कर मारा. उत्पन्न विचारू नका. एकरी किती क्विंटल निघालं, कधी विकलं, काय भाव लागला ते विचारा. सोयाबीनचा भाव चढला म्हणून वाढलेलं उत्पन्न बंधाऱ्याच्या खात्यावर जमा झालेलं मी बऱ्याच अहवालांत वाचलंय. शेजारचं, बंधारा नसलेलं गाव पाहिलं की फरक उघड होतो. बेसलाइन (प्रकल्प सुरू होण्याआधीची पाहणी) झालेलीच नसेल तर तसं पहिल्या पानावर लिहा.

एवढं करूनही काम गेलं, तर जाऊ द्या. अशा क्लायंटची पुढची ऑर्डर याहून वाईट असते.

यूएसएड (अमेरिकी सरकारची परदेशी मदत देणारी संस्था) बंद झाली. आता आंतरराष्ट्रीय कामाचा नाद सोडावा का? (ठाणे)

२० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि १ जुलैला यूएसएडचं काम अधिकृतपणे थांबलं. आरोग्याच्या प्रकल्पांना जबर फटका बसला. आता एकेका टीओआरला वीस वर्षांचा अनुभव असलेली माणसंही अर्ज करताहेत, त्यामुळे नवख्याला जड जाईल. एडीबी (आशियाई विकास बँक), आयफाड (संयुक्त राष्ट्रांचा कृषी विकास निधी), जागतिक बँक यांची कामं निघतच असतात. मात्र तिथे ‘कन्सल्टंट’ म्हणजे कर्मचारी नव्हे. पेन्शन नाही आणि करार संपला की संपला. नाद सोडू नका, पण घराचा हप्ता त्याच्या भरवशावर ठेवू नका.

जीएसटी नोंदणी लागते का? (सांगली)

वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की लागते. त्याआधीही भारतीय क्लायंट सहसा टीडीएस कापूनच पैसे देतात, तेव्हा दर ठरवतानाच ते धरा. सीए पहिल्या वर्षीच गाठा.