बाबांच्या कागदपत्रांबद्दल

चि.स अनेक आशीर्वाद,

बाबा निवृत्त झाले, फंडाचे पैसे आले, आता निवांत, असं तू लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. पण त्याच पत्रात "फ्लॅटला आणि ठेवींना मीच नॉमिनी आहे, त्यामुळे पुढची काळजी नाही" असंही आहे. त्यासाठी हे लिहितोय.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँक ज्याच्या हाती पैसे देऊन मोकळी होते, तो नॉमिनी. ते खऱ्या वारसांपर्यंत पोचवणं ही त्याची जबाबदारी. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या पैशांबाबत हे १९८३ मध्ये सांगितलं, शेअर्सबाबत २०२३ मध्ये. (विम्याचा कायदा २०१५ मध्ये बदलला. आता जोडीदार, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच.) सोसायटीसुद्धा नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद करून घेते, एवढंच. बाबांनी स्वकमाईतून घेतलेल्या त्या फ्लॅटचं मृत्युपत्र केलं नाही, तर हिंदू वारसा कायद्याने तुझ्याइतकाच वाटा आईचा, ताईचा आणि तेव्हा हयात असेल तर आजीचाही. या एका गैरसमजापायी दुरावलेली भावंडं वकिलीत मी पुष्कळ पाहिली. त्यातली बहुतेक लबाड नव्हती. वडिलांच्या मनात काय होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून मृत्युपत्र हवं. ते साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. तरी नोंदणी कराच, आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. साक्षीदार दोन हवेत, बाबांपेक्षा वयाने लहान, आणि ज्यांना त्यात काही मिळणार आहे असे नकोत.

"त्यापेक्षा बाबांकडून कुलमुखत्यारपत्र घेतो" असं म्हणशील. पण त्यांच्या वतीने व्यवहार करण्याचा हा अधिकार त्यांच्या मृत्यूबरोबर संपतो. शिवाय विस्मरणाच्या आजाराने त्यांची समज गेली तरी संपतो, म्हणजे नेमका जेव्हा त्याची गरज असते तेव्हा. आणि फ्लॅट आत्ताच बक्षीसपत्राने तुझ्या नावावर करून घ्यायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नकोस. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने परत मागता येते हे खरं, पण आपल्याच घरासाठी आईवडिलांनी न्यायाधिकरणाची पायरी का चढावी? डोक्यावरचं छप्पर शेवटपर्यंत त्यांच्याच नावावर असू दे.

गावच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर वारसनोंदीला आधी हात घाल. आजोबांची भावंडं-चुलत भावंडं कोण, कुठे गेली, हे सांगणारे बाबाच उरलेत. पेन्शनच्या पीपीओवरचं, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचं, आईचं नाव आणि जन्मतारीख आधारकार्डाशी जुळवून बघ. एका अक्षराच्या फरकापायी कुटुंब निवृत्तिवेतन अडकून पडतं.

हे सगळं बाबांपुढे एकदम मांडू नकोस. "मृत्युपत्र करा" हे वाक्य मुलाच्या तोंडून ऐकायला जड जातं. आधी तुझे स्वतःचे कागद त्यांच्यासमोर पसर, कुठे काय आहे ते त्यांना दाखव, त्यांचं मत विचार. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाल, तेव्हा प्रत्येक ठेवीवर नॉमिनी कोण आहे ते बघून या. आता चार नावं देता येतात. आई आणि ताई दोघींचीही घालायला सांग.

तुझा,
काका